अंजिराचं पान उलटून पाहायला हवं

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात देवगिरीचा डोंगर समोर उभा राहतो. किल्ल्याकडे बघत गाड्या हळू होतात आणि मग कडेला मांडलेल्या टोपल्या दिसू लागतात. दिवस कोणते आहेत त्याप्रमाणे त्यांत पेरू असतात, सीताफळं असतात, आणि बहार चांगला असेल तर अंजीर. अंजीर नाजूक, एकावर एक दाबून चालत नाही, म्हणून टोपलीच्या तळाला आणि थराथरांत अंजिराचीच पानं घातलेली असतात. गिऱ्हाईक फळ हलक्या हाताने दाबून बघतं, भाव करतं, डझनभर बांधून घेतं. खालच्या पानाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

ते पान उचलून उलटं करावं. पाऊस लांबलेल्या वर्षी त्याच्या पाठीवर, शिरांच्या मधल्या जाळीत, टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस फोड हमखास दिसतात. बोट फिरवलं तर विटेची भुकटी लागावी तशी पूड बोटाला येते. हाच अंजिराचा तांबेरा. महाराष्ट्रातल्या अंजीर बागायतदारांना सगळ्यात जास्त सतावणारा पानांचा रोग हाच. तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही आणि वेळेवर हात घातला तर तो आवरतोही. तरी बागा पिवळ्या पडतात, पानं गळतात, फळं बारीक राहतात आणि फवारणीचा खर्च वाढत जातो. याचं मोठं कारण असं, की पान वरून पाहिलं जातं आणि औषध दुकानाच्या काउंटरवर ठरतं.

या मातीचं फळबागांशी नातं जुनं आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद केलं, राजधानी इथे हलवली. त्यानंतर काही वर्षांनी इथे आलेल्या इब्न बतूताने आपल्या प्रवासवर्णनात दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली, आणि ती वर्षातून दोनदा फळतात हेही आवर्जून लिहून ठेवलं. वर्षातून दोन बहार ही बाब त्या प्रवाशाला नवलाची वाटली. इथल्या बागवानाला तो रोजचा हिशोब आहे. अंजिराचेही दोन बहार: पावसाळ्यात वाढणारा खट्टा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गोड होणारा मीठा. देशात अंजिराची व्यापारी लागवड मोजक्याच ठिकाणी आहे. पुण्याकडचा पुरंदर-सासवडचा पट्टा सर्वांना माहीत आहे, २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण फळांच्या पुस्तकांत पुण्याच्या वाणाशेजारी ‘दौलताबाद’ हे वाणाचं नाव म्हणूनच छापलेलं असतं, आणि त्यातून सुधारून पुढे आलेला ‘दिनकर’ हाही याच घराण्यातला. ज्या गावाच्या नावाने अंजिराची जात ओळखली जाते, त्या गावाच्या शिवारात अंजिराचं पान नीट वाचणारी माणसं असायला हवीत, ही अपेक्षा जास्त नाही.

तांबेरा हा शब्द मराठी शेतकऱ्याने तांब्यावरून केला. गव्हावर तोच, सोयाबीनवर तोच, अंजिरावरही तोच. रंग सारखा असला तरी बुरशा वेगवेगळ्या असतात. गव्हाचा तांबेरा अंजिराला होत नाही आणि अंजिराचा सोयाबीनला होत नाही. अंजिरावरच्या बुरशीला शास्त्रात सेरोटेलियम फिसी म्हणतात. तिची इतरही नावं आहेत. त्यांतलं एक, कुएनिओला फिसी, हे १९१४ साली एडविन बटलर यांनी दिलं. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत ते बुरशीतज्ज्ञ होते, भारतातल्या वनस्पतिरोगशास्त्राचा पाया त्यांनी घातला. म्हणजे या रोगाला शास्त्रीय नाव मिळून शंभरावर वर्षं झाली आहेत. बुरशी कशी वाढते, कशी पसरते, हे कळलेलं आहे. अडतं ते हे ज्ञान बांधापर्यंत पोचण्यात.

रोगाची चाल समजून घेण्यासारखी आहे. तांबेऱ्याचा बीजाणू वाऱ्यावर येतो आणि पानावर बसतो. कोरड्या पानावर तो काही करू शकत नाही. पानावर पाण्याचा पातळ थर काही तास टिकला, पावसाचा म्हणा की दवाचा, आणि हवा फार तापलेली नसली, तर तो रुजतो. पानाच्या आत शिरतो आणि तिथलं अन्न खात वाढतो. सुरुवातीला पानाच्या वरच्या बाजूला फिकट, कोनाकोनांचे बारीक ठिपके उमटतात. ते पिवळे होतात, मग तपकिरी. त्याच वेळी खालच्या बाजूला फोड फुटतात आणि तांबडी पूड बाहेर पडते. त्या पुडीचा प्रत्येक कण म्हणजे नवा बीजाणू. हवा अनुकूल राहिली तर हे चक्र एका पावसाळ्यात अनेकदा फिरतं. म्हणून जुलैत दोन-चार झाडांवर दिसलेले ठिपके सप्टेंबरात अख्ख्या बागेत दिसतात.

पान गळलं की झाडाचं काय जातं, हे शहरातल्या वाचकाला सहज कळणार नाही. फळाची साखर पानात तयार होते. फळ भरायच्या दिवसांत पान गेलं, की फळ लहान राहतं, उन्हाने भाजतं, गोडी धरत नाही. झाड पुन्हा नवी पालवी फोडतं ती साठवलेल्या जोरावर. एका मोसमात दोनदा-तीनदा असं झालं, की पुढच्या बहाराची ताकद आधीच खर्चून बसते. तांबेरा सहसा झाड मारत नाही. तो झाडाला दरवर्षी थोडं थोडं गरीब करतो. झाड हिरवं उभं दिसतं, उत्पन्न मात्र खाली येतं, आणि दोष पाण्याला, खताला, रोपाला दिला जातो.

निदानाची चूक इथेच सुरू होते. अंजिराचं पान पिवळं पडायला तांबेरा हे एकच कारण नसतं. लाल कोळी पानाचा रस शोषतो तेव्हाही बारीक फिकट ठिपके पडतात, पण पानाच्या पाठीवर जाळं आणि हलणारे बारीक जीव भिंगाखाली दिसतात, तांबडी पूड नसते. अंजिराचा मोझॅक हा विषाणूचा रोग. त्यात पिवळे-हिरवे वेडेवाकडे पट्टे आणि डाग असतात, पान वाकडं होतं, बोटाला काही लागत नाही. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी असतील तर झाड सगळीकडून मलूल होतं. खोडात भिरूड शिरला असेल तर बुंध्याशी भुसा पडलेला असतो आणि एखादीच फांदी सुकते. क्षार वाढले की पानाच्या कडा करपतात. आणि अंजीर हे पान टाकणारं झाड आहे. ताण दिल्यावर, थंडीत, पान पिवळं होऊन गळणं हा त्याचा स्वभाव आहे. त्याला रोग समजून औषध मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

या सगळ्या शक्यता वरून फोटो काढला तर जवळपास सारख्याच दिसतात. पिवळं पान, तपकिरी ठिपके. आणि आज बहुतेक निदान फोटोवरच होतं. मोबाइलवर पानाचा वरचा भाग टिपायचा, दुकानदाराला दाखवायचा, तो दोन बाटल्या आणि एक पुडी काढून देतो: एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक टॉनिक. तिन्ही एकाच पंपात. यातलं एखादं लागू पडेल ही आशा असते. कोळी असेल तर बुरशीनाशक वाया जातं, बुरशी असेल तर कीटकनाशक वाया जातं, आणि मोझॅक असेल तर तिन्ही वाया जातात.

याहून सोपी तपासणी बागेतच करता येते. पांढरा रुमाल घ्यावा. बागेतल्या खालच्या फांद्यांवरची, जुनी, पूर्ण वाढलेली पानं निवडावीत, कारण तांबेरा आधी तिथेच दिसतो. पाच-सहा झाडांची प्रत्येकी चार पानं पुरेत. पान उलटं करून रुमालाने पुसावं. तांबूस डाग उमटला तर तांबेरा आहे. डाग नसेल तर भिंग धरावं. छोटं दहापट मोठं करणारं भिंग फार महाग नसतं, आणि एका अनावश्यक फवारणीच्या खर्चात ते निघून येतं. अंजिराचं पान खरखरीत असतं, चीक हाताला लागला की खाजतं, कातडी सोलवटते. तोडणी करणाऱ्या बायकांच्या बोटांकडे पाहिलं तर ते दिसतं. म्हणून पान हातात धरून निरखण्याचा कंटाळा येतो हेही खरं. पण हा कंटाळा महाग पडतो.

आता उपायाकडे. तांबेऱ्याशी लढाई झाडावर सुरू होत नाही, जमिनीवर सुरू होते. गळलेल्या पानाच्या पाठीवर ती तांबडी पूड तशीच असते. तो पाचोळा झाडाच्या आळ्यात पडून राहिला, की नव्या पालवीला रोग द्यायला दुसऱ्या कुणाची गरज उरत नाही. परदेशातल्या अनेक तांबेऱ्यांना आयुष्याचा अर्धा भाग दुसऱ्याच जातीच्या झाडावर काढावा लागतो, अंजिराच्या तांबेऱ्याला असं दुसरं घर लागत असल्याचं ठाऊक नाही. तो अंजिराच्या पानावरून अंजिराच्या पानावर जातो. म्हणून पाचोळा गोळा करून खड्ड्यात पुरणं किंवा नीट कुजवणं हा निम्मा उपचार आहे. त्याला औषधाची बाटली लागत नाही, दोन दिवसांची मजुरी लागते. बाटलीचा खर्च डोळ्यांना दिसतो आणि उपचार केल्याचं समाधान देतो. पाचोळा गोळा करण्यात ते समाधान नाही, म्हणून ते काम उद्यावर जातं.

हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या कोलोरॅडोतल्या डोंगरांत, अस्पेन नावाच्या झाडाच्या बाबतीत सांगतात. पांढऱ्या खोडाचं, वाऱ्यात पान सळसळणारं ते झाड. ओला वसंत आला की त्याच्या पानांवर मार्सोनिना बुरशीचे काळपट डाग येतात, उन्हाळ्याच्या अखेरीस तांबेराही येतो, आणि अंगणातलं झाड करपलेलं पाहून लोक घाबरतात. तिथले तज्ज्ञ सांगतात: झाड सहसा मरत नाही, गळलेली पानं गोळा करा, तुषार सिंचनाने पान ओलं करू नका, झाडांत हवा खेळू द्या, आणि पान डागाळल्यावर औषध मारून उपयोग नाही. अस्पेनच्या पानावर कुणाचं पोट नाही, त्यामुळे तिथे वाट बघणं परवडतं. दौलताबादच्या शेतकऱ्याला ते परवडत नाही. म्हणून त्याच सल्ल्याची गरज त्याला जास्त आहे.

औषध लागतंच, ते नाकारून चालणार नाही. प्रश्न वेळेचा आहे. छाटणी झाली, झाड उघडं पडलं, की तो दिवस सोन्याचा. तेव्हा खोडापासून फांद्यांच्या टोकापर्यंत एक टक्का बोर्डो मिश्रण मारलं, की फांदीवर लपून राहिलेले बीजाणू कमी होतात. हे मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चांगला कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवायचे आणि मग एकत्र करायचे. लोखंडी भांडं वापरायचं नाही. तयार झालेल्या मिश्रणात चकचकीत खिळा किंवा विळ्याचं टोक बुडवायचं. त्यावर तांब्याचा रंग चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा, नाहीतर पान भाजतं. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. मोरचुदात तांबं असतं. तांब्याच्या रंगाच्या रोगाला तांब्याचंच औषध, हा योग जुन्या बागवानांच्या लक्षात राहून गेलेला आहे.

बोर्डोचा जन्मही रस्त्याकडेच्या बागेतलाच. फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या परिसरात, मेदोक भागात, येणारे-जाणारे लोक वाटेच्या कडेची द्राक्षं तोडून खात. त्यांना रोखायला बागायतदार कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, म्हणजे घड निळसर आणि विषारी दिसावेत. १८८२ साली पिएर मिलार्दे या वनस्पतितज्ज्ञाच्या लक्षात आलं, की बाकीच्या बागेतली पानं केवडा रोगाने गळली असताना या कडेच्या वेली हिरव्या आहेत. त्याने त्या माणसांना विचारलं, प्रयोग केले आणि १८८५ साली मिश्रण प्रसिद्ध केलं. त्याने दुकानात जाऊन औषध विचारलं नाही, कडेच्या वेलीचं पान नीट पाहिलं.

नव्या पालवीच्या काळात पाऊस लांबला किंवा सकाळी दव पडू लागलं, तर मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य बुरशीनाशक लिटरला दोन ते अडीच ग्रॅम या प्रमाणात पानाच्या खालच्या बाजूला बसेल असं मारावं लागतं. ‘खालच्या बाजूला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाठीवरच्या पंपाचा नोझल वरून फिरवत गेलं तर औषध पानाच्या वरच्या, खरखरीत बाजूवर बसतं आणि बुरशी खाली निवांत राहते. नोझल खालून वर धरायचा. स्पर्शजन्य औषध पानात शिरलेल्या बुरशीला मारत नाही, ते बीजाणू रुजण्याआधी थोपवतं. पान पिवळं पडल्यावर मारलेलं औषध त्या पानाला वाचवू शकत नाही. ते वाचवतं फक्त पुढच्या पानाला. लेबलवर कोणत्या पिकाचं नाव आहे, तोडणीआधी किती दिवस थांबायचं, हे वाचणं तर अंजिरात सगळ्यात जरुरीचं. हे फळ सालीसकट खाल्लं जातं, पेरूसारखं धुऊन-पुसून टिकत नाही, आणि तोडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवावं लागतं. फळ पिकू लागल्यावर फवारणी म्हणजे खाणाऱ्याच्या तोंडात औषध घालणं आहे.

एकाच पंपात चार औषधं घालण्याची सवय इथे थांबायला हवी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मिश्रणांचा मारा हे त्या चर्चेतलं एक मोठं कारण होतं. धोका फक्त फवारणाऱ्यालाच नसतो. दौलताबादच्या आसपास आणि पुढे जालना-बीडकडे तुतीची लागवड वाढली आहे. जालन्यात २०१८ पासून रेशीम कोषांची बाजारपेठ उभी राहिली. अंजिराच्या पंपात गरज नसताना घातलेलं कीटकनाशक वाऱ्याने शेजारच्या तुतीवर गेलं, की त्या पानावर वाढणाऱ्या रेशीम अळ्या मरतात. आणि गंमत नव्हे, गंभीर बाब म्हणजे भारतीय रेशीम साहित्यात तुतीच्या पानावरच्या तांबेऱ्यासाठीही याच सेरोटेलियम फिसी बुरशीचं नाव दिलेलं आहे. तुती आणि अंजीर एकाच कुळातली झाडं. दोघांच्या बागा एका बांधाला लागून असतील तर दोघांनी एकमेकांची पानं पाहायला हवीत. तांब्याचाही अतिरेक नको. युरोपात द्राक्षबागांच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या साचलेल्या तांब्यामुळे २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली गेली. तिथे ती वेळ सव्वाशेहून जास्त वर्षांनी आली. आपल्याकडे येऊ नये म्हणून आत्ताच मोजून मारलेलं बरं.

छाटणीची तारीख हाही औषधाइतकाच मोठा उपाय आहे. मीठ्या बहारासाठी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. तेव्हाच परतीचा पाऊस असतो. २०२१ साली सप्टेंबरच्या अखेरीस गुलाब चक्रीवादळाने मराठवाडा चिंब केला, तेव्हा कोवळी पालवी पाण्यात उभी राहिली होती. अशा वर्षी आठ-दहा दिवस थांबून छाटणी केली तर पालवी कोरड्या हवेत येते. पण एकट्याने थांबून भागत नाही. शेजारच्या बागेत खट्ट्या बहाराची जुनी, तांबेऱ्याने भरलेली पानं डोलत असतील तर तुमच्या नव्या पानावर त्यांचीच पूड उडत येणार. पाण्याच्या पाळ्या जशा आपसांत ठरतात, तशा गावाने छाटणीच्या आणि पाचोळा उचलण्याच्या तारखा ठरवाव्यात. हे काम सरकारने करायचं नाही, बागायतदारांनी एका संध्याकाळी पारावर बसून करायचं आहे.

सरकारचं काम वेगळं. या भागात तज्ज्ञ नाहीत असं नाही. छत्रपती संभाजीनगर शहरातच हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र आहे, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं. गांधेलीला कृषी विज्ञान केंद्र आहे. अंजीर आणि सीताफळावर काम करणारं खास संशोधन केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, पुरंदर तालुक्यात जाधववाडीला आहे. तिथून ‘फुले राजेवाडी’ हा अंजिराचा वाण आला. ज्ञान आहे, माणसं आहेत, पण शेतकऱ्याला रात्री आठ वाजता पान घेऊन जायला जी एकच उघडी जागा सापडते ती कृषी सेवा केंद्राची. दुकानदाराला दोष देणं सोपं आहे आणि तो पूर्ण खरा नाही. तो उधारीवर औषध देतो, रात्री फोन उचलतो, गावातला असतो. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ साली दुकानदारांसाठी ‘देसी’ ही वर्षभराची पदविका सुरू केली, कारण शेतकऱ्याचा पहिला सल्लागार तोच आहे हे वास्तव सगळ्यांना मान्य होतं. तरीही रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असेल तर निदान बाटलीकडे झुकणारच. माणसाच्या डॉक्टरकडे आपण हे चालवून घेत नाही.

मागणी छोटी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल, एक भिंग, एक सूक्ष्मदर्शक आणि विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा एक जाणता माणूस. त्याने काही विकायचं नाही. शेतकऱ्याने पिशवीत पानं आणायची, वरची आणि खालची, फांदीचा तुकडा, जमल्यास मूळ. तिथल्या तिथे उत्तर मिळायला हवं: हा तांबेरा, हा कोळी, हा मोझॅक, याला काही करू नका. ‘काही करू नका’ हे वाक्य सांगणारा माणूस शेतकऱ्याला आज सगळ्यात कमी भेटतो, आणि एका मोसमात त्याच्या खिशातले सगळ्यात जास्त पैसे तेच वाक्य वाचवू शकतं. अंजिराचं क्षेत्र लहान म्हणून हे टेबल नको, असं म्हणता येणार नाही. त्याच टेबलावर मोसंबीचं पान येईल, पेरूचं येईल, तुतीचं येईल, सीताफळाचं काळं पडलेलं फळही येईल.

टोपलीतल्या पानाकडे पुन्हा येऊ. रस्त्यावर अंजीर विकणारी बाई ते पान सकाळी स्वतः तोडून आणते. फळाखाली घालायला ती निरोगी, मोठं, हिरवं पान निवडते, कारण डागाळलेलं पान गिऱ्हाइकाला आवडत नाही. म्हणजे बागेतलं कोणतं पान चांगलं आणि कोणतं बिघडलेलं, हे तिचा हात रोज ठरवतो. पावसाळ्याच्या अखेरीस चांगलं पान सापडायला तिला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जावं लागलं, तर तांबेरा आला आहे हे तिला बागमालकाच्या आठ दिवस आधी कळलेलं असतं. छाटणीचं नियोजन करताना तिला विचारावं, कोणत्या ओळीत पान मिळेना. मग त्या ओळीपासून खराटा फिरवावा, पाचोळा बांधाकडच्या खड्ड्यात ढकलावा आणि पहिलं पाणी सोडण्याआधी त्यावर मातीचा वीतभर थर द्यावा.